ओठावर आलं कुठून

जिबेक,

मलम खिडकीत ठेवलंय. ओठ चुणचुणायला लागला की लगेच लावायचं, पुळ्या यायची वाट बघायची नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खपली खरवडू नकोस.

काल शेजारणींसमोर मी बोलून गेले, "नवरा रशियात, मग हिच्या ओठावर हे आलं कुठून?" तू चहा ओतत होतीस. मान वर केली नाहीस.

आज डॉक्टरीणबाईंनी मलाच विचारलं, तुम्हाला येतं का असं? दर हिवाळ्यात येतं, मी त्याला गारठा म्हणते. आणि तोंडात धरून वाजवायचा माझा लोखंडी कोमुझ तुला शिकवत होते, तेव्हा माझ्या ओठावर ते आलेलंच होतं.

त्याच शेजारणींकडे चाललेय, कुठून आलं ते सांगायला. संध्याकाळी चहा तूच ओत. माझी वाटी तेवढी वेगळी ठेव.

तुझी सासू,
बुरुल