तपकिरी बी

हॅडलो बेट, मेन
सोमवार, २९ ऑगस्ट १९८३

प्रिय गस्सी,

तू आणि थीया खुशाल असाल अशी आशा आहे. आम्ही इथे ठीक आहोत. पाकिटावरचं अक्षर तू ओळखलंस की नाही कोण जाणे. बारा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, नाताळचं कार्डसुद्धा नाही. ओळखूनही पत्र उघडलं असशील, तर एवढं शेवटपर्यंत वाच. मग चुलीत घातलंस तरी चालेल.

यंदा धुकं फार. जुलैत टपालाची बोट तीनदा आलीच नाही, आणि सगळ्या बेटाने डब्यातल्या मासळीवर दिवस काढले. पंप बिघडला तेव्हा आठवडाभर आम्ही बादल्या घेऊन विहिरीवर रांगेत उभे होतो. एड्ना ट्रेवर्गी अजून दर रविवारी संध्याकाळी धक्क्यावर भजनं सुरू करून देते, आणि अजून इतक्या वरच्या पट्टीत की मागून फक्त कुत्रीच गाऊ शकतील. तुझ्या रॉयने लावलेल्या सफरचंदाला या वर्षी भरपूर फळ आहे. तुमच्या घराच्या हिरव्या झडपा मात्र आता निळ्या झाल्यात. घर घेतलेला दातांचा डॉक्टर सज्जन माणूस आहे. त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नाही, आणि हेच बघायला मला जड जातं.

मुलांचं पोहणंही झालं. बाराव्या वर्षी धक्क्यापासून पाणकावळ्यांच्या खडकापर्यंत पोहायचं आणि मग सभागृहाच्या भिंतीवर नाव कोरायचं, हे अजून तसंच चालू आहे. यंदा चार मुलं होती. मी बघायला गेले नाही.

वॉरनचे गुडघे दुखतात, तरी छपरावर चढतो. प्रिस आता पंचवीस वर्षांची आहे, शाळेत शिकवते. पंधरा दिवसांसाठी आली आहे.

कप्तान पिंकहॅम गेले. बातमी ही आहे, आणि ती लिहायला मी पान भरून हवापाणी लिहीत बसले. एकवीस जुलैला, एकोणनव्वदाव्या वर्षी, आपल्याच खाटेवर. बेटावरचं कुणी गेलं की सगळ्यांनी एका रांगेत होड्या काढून बेटाला एक फेरी मारायची. रॉयसाठी बावीस होड्या निघाल्या होत्या, शेवटची सुटली तेव्हा पहिली परत धक्क्यापाशी आली होती. कप्तानांसाठी तीन निघाल्या. एक आमची होती.

बाकीच्यांना मी दोष देत नाही. एड्नाने तर मला सरळच सांगितलं, "ज्याने गस्सीला बेटाबाहेर काढलं त्याच्यासाठी मी वल्हं उचलणार नाही." तिचा तुझ्यावर फार जीव होता.

पण तुला बाहेर काढणारे कप्तान नव्हते गं.

ते जाण्याआधी तीन आठवडे मी त्यांच्याकडे सूप घेऊन गेले होते. बारा वर्षांत त्यांच्या पायऱ्या मी पहिल्यांदाच चढले. वॉरनने, "म्हातारा उठत नाही म्हणे," असं सांगितलं म्हणून. भर दुपारची वेळ होती. खिडकीशी बसून ते कालवं उघडायच्या सुरीने पेन्सिलीला टोक करत होते. मला बघून म्हणाले, "ये. बारा वर्षं लागली तुला या टेकडीवर यायला. चढ एवढा उभा आहे का?"

मी म्हटलं, "सूप आणलंय, कप्तान."

"ठेव तिकडे. त्यात जॅम नाही ना?"

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी समोर बसायला सांगितलं. म्हणाले, "त्या दिवशी गस्सीची मतं मोजायला मी होतो. पेटीत एकवीस पांढऱ्या निघाल्या, एक तपकिरी. ते सगळ्यांनी पाहिलं. पण उरलेल्या बियांचा डबा कुणी पाहिला नाही, तो मीच रिकामा केला. त्यात एकवीस तपकिरी आणि एकच पांढरी. पांढरी कसली, निळी झाली होती. ब्लूबेरीने. जेवणाचा जॅम तू केला होतास, पोरी. कोपरापर्यंत निळी होतीस."

मी हात खिशात घातले.

तो नियम तुला मी काय सांगावा, तुझं घर त्यानेच गेलं. जमीन सगळ्या बेटाची, घर ज्याचं त्याचं. पण नवरा गेला आणि बायकोच्या नावाने जागा चालू ठेवायची तर सगळ्या घरांनी हो म्हणायचं. एक नाही पुरे. तो नियम आजोबांच्या पिढीने परक्यांसाठी केला होता आणि कधी वापरलाच नव्हता. त्या शनिवारी सूप आणि पावाच्या जेवणानंतर प्रत्येक घराच्या हातात घेवड्याच्या दोन बिया आल्या, होकाराची पांढरी आणि नकाराची तपकिरी, तेव्हा लोक हसत होते. गस्सीसाठी मत कसलं घ्यायचं, उगाच उपचार. एकीकडे कॉफी उकळत होती. तू बाहेर ओट्यावर लेकीची, थीयाची वेणी घालत बसली होतीस. मत द्यायला पडद्यामागे गेले तेव्हा आपण काय करणार हे मला ठाऊक नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते खोटं आहे. ठाऊक होतं.

मी कप्तानांना विचारलं, "तुम्ही बोलला का नाहीत? लोक तुमच्यावर थुंकत होते."

"रॉयशी धक्क्याच्या जागेवरून माझं भांडण होतं, सगळ्यांना माहीत होतं. त्यांना चोर आयताच सापडला." मग म्हणाले, "तुझी मुलगी तेरा वर्षांची होती. मी तोंड उघडलं असतं तर तिचंही बेट गेलं असतं. एका उन्हाळ्यात दोन पोरी बेघर करायच्या? माझं काय, मी तसाही कुणाला आवडत नव्हतो."

"गस्सीला तरी सांगायचं."

"ते तुझं काम होतं," ते म्हणाले. "मी वाट बघत होतो."

सूप त्यांनी घेतलं. थंड आहे म्हणाले.

आता तपकिरी बी का टाकली, ते लिहिते. त्या मतदानाच्या आधीच्या उन्हाळ्यात प्रिस बारा वर्षांची होती. तिला पाण्याची भीती वाटायची. माझं नाव, वॉरनचं नाव, दोघांच्या आईबापांची नावं त्या भिंतीवर आहेत. ती अर्ध्यावरून परतली. सगळा धक्का बघत होता, ती रडत शिडीवरून वर आली, आणि कुणीतरी मागे म्हणालं, "वॉडलींची पोर ना ती?" बस, एवढंच. तेवढ्याने मी डोक्यात राख घालून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यात मी तिला मागच्या खाडीवर नेलं. शिकवते म्हणून नेलं. ती पाण्यात उतरेना, तेव्हा मी तिला ओढलं, आणि तिचं डोकं पाण्याखाली दाबून धरलं. भीती मोडायची म्हणून. मी आकडे मोजत होते. किती मोजले ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि इथेही मला लिहिता येत नाही.

तू कुठून आलीस? शिंपले वेचायला आली असशील. चपला, स्कर्ट सगळ्यासकट पाण्यात शिरलीस, माझी बोटं एकेक करून सोडवलीस, आणि तिला उचलून स्वेटरमध्ये गुंडाळलंस. मला वाटलं तू ओरडशील. तू म्हणालीस, "हेस्टर, घरी जा आणि चहा ठेव. आम्ही दोघी मागून येतो."

आणि मग काहीच नाही. ना त्या दिवशी, ना पुढे कधी. वॉरनला नाही, एड्नाला नाही. फक्त रोज सकाळी तुझ्या ओट्यावरून हाक यायची, "प्रिस, मला वाटाणे सोलायला येतेस का?" ती पळत जायची. दुपारपर्यंत तिकडेच. तू तिला जपत होतीस. माझ्यापासून जपत होतीस, आणि मला ते कळू नये म्हणूनही जपत होतीस. कुणी दुसरी असती तर तुझे पाय धरले असते. मला तू नकोशी झालीस. तू हसलीस तरी वाटायचं हिला माहीत आहे. तू पाव मागायला आलीस तरी वाटायचं, बघायला आली. त्या हिवाळ्यात रॉय गेला तेव्हा मी तुझ्या गळ्यात पडून रडले, आणि त्याच रात्री मनात आलं की आता कदाचित उन्हाळ्यात तू बेटावर येणार नाहीस. तू तर जूनच्या पहिल्या बोटीने आलीस.

म्हणून ती बी.

परवा शनिवारी उन्हाळ्याचं शेवटचं जेवण होतं. कप्तानांच्या जागेचा विषय निघाला, त्यांचा पुतण्या मागतोय. एड्ना म्हणाली, "पिंकहॅम नाव पुन्हा बेटावर नको." माना डोलल्या. मी उभी राहिले. म्हटलं, "ती बी कप्तानांची नव्हती."

"तुला काय माहीत?" एड्नाने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "त्यांनी मला सांगितलं. जाण्याआधी." आणि खाली बसले. एवढीच माझी हिंमत. एड्ना हसली. "तो दुसरं काय सांगणार?" म्हणाली. माझ्या अर्ध्या खऱ्याने मेलेला माणूस आणखी खोटा ठरला.

घरी येताना वॉरन कंदील घेऊन पुढे होता. प्रिस माझ्या बरोबरीने चालत होती. ती म्हणाली, "आई, तू होतीस ना?" मी कंदिलाच्या उजेडामागे चालत राहिले. ती म्हणाली, "मला खाडीवरचं सगळं आठवतं. मी विसरले असं तुला वाटत असेल तर तसं नाही. मी तुझ्याबरोबर राहायला शिकले, कारण गस्सी मावशीने सांगितलं, तुझ्या आईला पाण्याची नाही, लोकांची भीती वाटते. पण कप्तानांचं हे नाही चालणार. उभी राहिलीस तर नीट उभी राहा."

काल संध्याकाळी भजनांआधी सगळे धक्क्यावर असताना मी सांगितलं. बी माझी होती हे, आणि खाडीवरचंही, कारण त्याशिवाय पहिलं कुणाला समजलं नसतं. कुणी ओरडलं नाही. दातांचा डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत राहिला. एड्नाच्या हातातलं भजनाचं पुस्तक मिटलं, ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तीन होड्या, हेस्टर. त्या माणसासाठी तीन होड्या." मग ती रडली. काल भजनं झाली नाहीत.

आज सकाळी एकवीस होड्या निघाल्या. कप्तानांसाठी, पाच आठवडे उशिरा. आम्हाला कुणी बोलावलं नाही, आणि ते बरोबरच आहे. मी खिडकीतून मोजल्या. प्रिस एड्नाच्या होडीत होती. वॉरन सकाळपासून आमची होडी रंगवतोय. तिला जूनमध्येच रंग दिला होता. माझ्याशी तो बोलतो, पण मीठ दे, दार लाव, इतकंच. पुतण्याला जागा मिळाली. मी आमची जागा सोडते असं समितीला लिहून दिलं. तुझं घर त्याने परत येत नाही, हे मला कळतं. ही भरपाई नाही. इथे आता मला पाण्याकडे बघवत नाही, इतकंच.

तुझा पत्ता प्रिसने दिला. इतकी वर्षं ती तुला लिहीत होती हे मला काल कळलं. दर महिन्याला, म्हणाली. तुला आधीपासून संशय होता का, हे मी तिला विचारलं नाही. उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती.

एक गोष्ट राहिली. ती मी धक्क्यावर बोलले नाही, ती फक्त तुला सांगायची आहे.

तू सामान बांधलंस तेव्हा मी मदतीला आले होते. तुझ्या सासूचे निळे कप मी वर्तमानपत्रात गुंडाळत होते आणि तू खोक्यावर बसून म्हणालीस, "कोण असेल गं? मी कुणाचं काय केलं?" लोकांनी कप्तानांचं नाव घेतलं ते नंतर, गस्सी. सगळ्यांत आधी मी घेतलं. मी कप खाली ठेवला, तुझा हात हातात घेतला आणि म्हटलं, "तो म्हाताराच असणार." तू मान हलवलीस. खरं नाही वाटत म्हणालीस. मी म्हटलं, "तुला माणसं ओळखता येत नाहीत."

आपण बोटीकडे निघालो तेव्हा कप्तान स्वतःच्या फाटकापाशी उभे होते, टोपी काढून. तू त्यांच्याकडे न बघता गेलीस. आयुष्यात तू कुणाशी अशी वागली नसशील, आणि ते मी तुझ्याकडून करवून घेतलं. त्यांनी टोपी बराच वेळ हातातच धरली होती. मी तुझी बॅग घेऊन मागून चालत होते, म्हणून मला दिसलं.

उत्तर पाठवू नकोस असं लिहिणार होते, पण तुला काय करायचं ते मी पुन्हा एकदा ठरवायला नको.

खाली ‘तुझी’ लिहिलं होतं, ते खोडलं आहे. कागद जरा फाटला, त्याबद्दल माफ कर. निदान तेवढ्याबद्दल.

हेस्टर वॉडली