मलप्पाचा ईसीजी

उदगीर, ता. ९ जून २०२५

ती. दानम्माअक्कास,
धाकट्या संगप्पाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलता येत नाही. मोंढ्यातल्या आडत दुकानात स्पीकर लावल्याशिवाय मला ऐकू येत नाही, आणि स्पीकर लावला की हमालांनाही माझी तब्येत कळते. पत्र सुरक्षित. पोरांना ते लाईटबिल वाटतं.

पाय सुजलेत. जिना चढलो की दम लागतो. साखर आणि बीपी जुनेच, हे नवं. म्हणून लातूरला हार्टच्या डॉक्टरांना दाखवलं. सोबत शेजारच्या आडतीवरचा मलप्पा आला. दवाखान्यात एकट्याने जाणं आपल्यात बरं दिसत नाही, शिवाय डॉक्टर त्याच्या साडूचा मुलगा. नंबर लवकर लागला. आणखी काही आजार, काही गोळ्या, असं डॉक्टरांनी विचारलं. मलप्पा शेजारच्याच खुर्चीत. मी नाही म्हणालो. नांदेडच्या एचआयव्हीच्या गोळ्यांचं तुझ्या-माझ्याशिवाय फक्त तुझ्या भावजयीला, लक्ष्मम्माला ठाऊक. ते मोंढ्यात जाहीर कशाला करू?

घरी आल्यावर हे ऐकून लक्ष्मम्माने अबोला धरला. जेवायला वाढते, बिनमिठाचं.

तुझा,
संगप्पा

नांदेड, ता. १७ जून २०२५

चि. संगप्पास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी कपाळाला हात लावला, मग चहा ठेवला.

तुझ्या गोळ्यांच्या वेळी मी सोबत असतेच, म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाई मला ओळखतात. त्यांना भेटून आले. त्यांचं म्हणणं, गोळ्यांनी एचआयव्ही रक्तात गप्प बसतो, पण इतक्या वर्षांनी हृदय इतरांपेक्षा लवकर थकू शकतं. त्यात साखर, त्यात बीपी. सूज आणि दम वयावर ढकलू नये. आणि काही गोळ्या एकमेकींशी जमत नाहीत, म्हणून हार्टच्या डॉक्टरांना सगळ्या कळायला हव्यात. लातूरला सांगितलंय ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. या वयात तू मला खोटं बोलायला लावलंस.

मलप्पाला बाहेर काढ. कसं ते तू बघ. तुरीच्या भावात शेतकऱ्याला गुंडाळतोस तेव्हा बरी अक्कल चालते.

गोळ्या घ्यायच्या म्हणून तू महिन्याला माझ्याकडे येतोस, एरवी येत नाहीस, हे मला कळतं. त्या लातूरला मिळत असतील तर तिकडे घे. मला भीती वाटते रे. भाऊ दिसला नाही तरी चालेल, असायला हवा.

तुझी,
अक्का

उदगीर, ता. ३० जून २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

परत लातूरला गेलो. मलप्पाला टाळता आलं नाही, जीप त्याचीच. वाटेत नळेगावला चहा पिताना मी त्याला सहज म्हणालो, तुझा चेहरा उतरलाय. लातूर येईपर्यंत त्याला धडधड सुरू झाली. डॉक्टरांनी त्याला ईसीजीसाठी आतल्या खोलीत झोपवलं आणि मला मोकळीक मिळाली.

तरी आधी पायांची सूजच सांगत बसलो. आतून मलप्पा विचारत होता, लई वेळ लागतो का, वायर करंट मारती का. वेळ थोडाच आहे हे कळलं आणि सांगून टाकलं.

डॉक्टरांनी मान वर केली नाही. किती वर्षं, कोणत्या गोळ्या, विचारत लिहीत गेले. म्हणाले, हे पहिल्याच वेळी सांगायचं होतं, आणि हे या खोलीबाहेर जाणार नाही, नातेवाइकांपर्यंत तर नाहीच. हृदय कमजोर झालंय, पण वेळेत आलात. साखरेची गोळी निम्मी केली. नांदेडच्या गोळीबरोबर तेवढी चालत नाही म्हणे. सुजेची गोळी दिली. आता चप्पल पायात जाते. अक्का, मी घाबरलो होतो. जिन्यात बसून राहायचो आणि लक्ष्मम्माला सांगायचो, चष्मा शोधतोय.

मलप्पाचा ईसीजी उत्तम निघाला. त्याने तो लॅमिनेट करून दुकानात टांगलाय. बीपी मात्र जास्त निघालं, त्याच्याही घरी मीठ कमी झालं. त्याची बायको माझ्याशी बोलत नाही.

निघताना डॉक्टर म्हणाले, त्या गोळ्या इकडे जवळ लावून देता येतील, दर महिन्याला नांदेडचा हेलपाटा कशाला? मी म्हणालो, नांदेडला अक्का आहे.

त्यांनी मान वर न करता तेही लिहून घेतलं.

भाकरी टाकून ठेव. भाजीत मीठ नसलं तरी चालेल, लोभ असू द्यावा.

तुझा,
संगप्पा