मेंढरं बरी हायत का?

प्रिय आबा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि आता तर तुम्ही नाहीच, तेव्हा हे पत्र कुणासाठी, असं कुणीही विचारेल. पण आज युसुफनं एक बातमी दिली, आणि ती ऐकायचा पहिला मान तुमचा होता. दर शुक्रवारी तुम्हीच तर विचारायचात!

युसुफ म्हणजे तोच, इकडे परमुलखात माझ्याबरोबर पाण्याचा टँकर चालवणारा पॅलेस्टिनी. अल नस्र भागातल्या माझ्या खोलीवर जेवायला यायचा आणि तुमचा व्हिडिओ कॉल लागला की मध्येच डोकं घालायचा. तो बदूंच्यातला, आपल्या धनगरांसारखा, आणि त्याचा थोरला भाऊ अजून तिकडे डोंगरात मेंढरं राखतो, हे कळल्यावर तुम्ही माझी खुशाली विचारायचंच सोडून दिलंत. त्यानं मोबाइलवर दाखवलेल्या मेंढरांच्या चरबीनं फुगलेल्या शेपट्या बघून तुम्ही म्हणालात, "आरं, ह्यांच्या मागं गाठुडं कुणी बांधलं?" मी मोडक्या अरबीत त्याला सांगितलं, तर हसून हसून त्याला ठसका लागला. पुढे "मेंढरं बरी हायत का?" एवढं मराठी त्याला कळायला लागलं. तुमचा चेहरा दिसला की विचारायच्या आत "बरी, बरी!" म्हणून मोकळा व्हायचा.

मग एकदा टँकर भरताना तो म्हणाला, भावाच्या जवाच्या रानात दुसऱ्या कुणाचा तरी कळप येऊन बसलाय. मी म्हटलं, "मबरूक!" अभिनंदनच करणार ना? आपल्याकडे खतासाठी रानात मेंढरं बसवायला शेतकरी हाताला धरून नेतात, वर भाकरी-कालवण देतात. युसुफनं विचारलं, "अभिनंदन कशाचं?"

मग त्यानं नीट सांगितलं. तो मुलुख परक्या लष्कराच्या ताब्यात आहे. टेकडीवर नवी वस्ती करणारे लोक आपली मेंढरं आणि बंदुका घेऊन खाली आले. उभा जव चारला. झऱ्याकडे जायची वाट अडवली. भाऊ तक्रार करायला गेला, तर सैनिकांनी त्यालाच हुसकावलं.

त्या शुक्रवारी तुम्हाला सांगायला लागलो, तर तुम्हीही आधी तेच बोललात, "मग बरंय की, रान खताळंल!" बापलेक सारखेच! सगळं ऐकल्यावर मात्र म्हणालात, "बोलावलं व्हतं का त्यास्नी?"

"नाही, आबा."

"आपुन जल्मभर हिंडलो, पर इचारल्याबिगर कुणाच्या रानात मेंढरं बसवली न्हाईत."

मी ते युसुफला सांगितलं. त्यानं तिथल्या तिथे भावाला फोन लावून तुमचं वाक्य ऐकवलं.

त्यानंतर तुम्ही फार दिवस राहिला नाहीत. छातीत दुखतंय हे मला का नाही सांगितलंत? बाराव्याला मी गावी आलो, तेव्हा माझ्या खेपा युसुफनंच मारल्या.

आज मुऐदर भागात टँकर रिकामे करून आम्ही चहा घेत होतो. तो म्हणाला, "खलास." भावानं आपल्याच हातांनी पत्रे उतरवले, तंबू गुंडाळले आणि बायकापोरांना घेऊन डोंगर सोडला. आबा, आपणही मुक्काम हलवायचो, पण पुढचं रान ठरलेलं असायचं आणि सालाभरानं त्याच बांधावर परत जायचं असायचं. त्यांना यातलं काहीच नाही. गावाच्या कडेला कुणी जागा दिलीय, पण तिथे चारायला काही नाही. बरीच मेंढरं विकून टाकली, उरलेली दावणीला आहेत.

माझ्या तोंडातून तुमचंच वाक्य गेलं, "मेंढरं बरी हायत का?"

तो "बरी" म्हणाला नाही. कप खाली ठेवून म्हणाला, "सगळे मला लढाईचं विचारतात. मेंढरांचं फक्त तुझा बाबा विचारायचा." मग रडला. मीही रडलो, आबा. फार आठवण आली तुमची.

तर आता ते काम माझ्याकडे. येत्या शुक्रवारी त्याला जेवायला बोलावलंय. त्याच्या भावाला फोन लावायला लावीन आणि विचारीन. उरलेली दोन असोत नाहीतर दहा, दर शुक्रवारी विचारीन, तो "बरी" म्हणेपर्यंत.

तुमचाच,
भिवा