टॉवरला काचा बसल्या

गाझियाबाद, मंगळवार संध्याकाळ

आज पुन्हा तेच. नर्सिंग होममधून रुग्णाचा ईसीजी आमच्या वायरलेस मॉडेमवरून दिल्लीच्या हार्ट स्पेशालिस्टकडे जातो. पण समोरच्या नव्या टॉवरच्या इमारतीवर आपटून सिग्नलचा प्रतिध्वनी मागाहून येतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. ते निस्तरायचं काम मॉडेममधल्या इक्वलायझरचं, आणि तो बनवणारी मी. मी तो सुधारला होता, जमलंही होतं. पण आज टॉवरला काचा बसल्या आणि प्रतिध्वनी मूळ सिग्नलइतकाच जोरात यायला लागला. लिंक मधेच तुटते, मग आपोआप जुळते. ईसीजीतला नेमका महत्त्वाचा तुकडा तेवढ्यात गळला तर?

आमचे बॉस मेहरासाहेब म्हणाले, "लॅब में तो चल रहा है ना? बस." लॅबमध्ये त्या काचा कुठून येणार?

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "डॉक्टरांना सरळ सांग. नोकरीचं मग बघू." चहा तसाच ठेवून नर्सिंग होमच्या डॉक्टरीणबाईंना मोबाइलवर फोन लावला. म्हटलं, "मॅडम, पुरानी टेलिफोन लाइन अभी मत हटाइए. ईसीजी उसी से भेजिए."

त्या म्हणाल्या, "वो तो आज दोपहर में कटवा दी, बेटा. आपके मेहरा साहब ने ही कहा था. अभी एक पेशंट को मशीन पर लिया है."

हे स्कूटर काढायला खाली गेलेत. तिथे पोचून मी नक्की काय करणार आहे, मला माहीत नाही.