हिनं माझं नाव घेतलं नाही

मंगळवार, हुडकेश्वर

सुमन, लिहायला उशीर झाला, माफी असावी. दवाखान्यातून आल्यापासून डोकं ठिकाणावर नाही.

डॉक्टरनं माझ्याकडे बोट दाखवून तुझ्या आईला विचारलं, "यांचं नाव काय?" ही गप्प. तो म्हणाला, स्मृतिभ्रंश वाटतो. उमरेडहून तू फोनवर व्याख्या वाचलीस: माणसांची नावं न आठवणं. आता लाजेचीही व्याख्या वाच म्हटलं, तर चिडलीस. अगं, हिनं जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलंय?

घरी विचारलं, "काहून नाही बोलली वं?"

"तुमचं नाव घेऊ काय मी? लोकाईसमोर?"

मग कानात सांग म्हटलं. पदर तोंडाशी धरून गप्पच. लाजली, की नाव आठवेना?

सुमन, डॉक्टरला सांग, हिला नवऱ्याचं नाव सोडून दुसरं काही विचारा. काय ते लवकर कळव.