‘ठोकते’ या शब्दाचा कार्यालयाने लावलेला अर्थ दुरुस्त करण्याबाबत

दिनांक : ५ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
वाहन अपघात पडताळणी कक्ष (किनारा विभाग)

विषय : ‘गाडी ठोकते’ या गॅरेजमधील नोंदीवरून अर्जदारास अपघाताचा गुन्हेगार ठरवल्याबाबत, तसेच त्याच ओघात आढळलेल्या दुसऱ्या एका गाडीबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. १४ जानेवारी. २) आपल्याकडील सुनावणी, दि. २७ जानेवारी. ३) आपली दुसरी नोटीस, जी पहिलीपेक्षाही वरचढ आहे, दि. २ फेब्रुवारी.

महोदय (नमुन्यात आहे म्हणून लिहिले),

अर्जदार दिनानाथ रामचंद्र घरत, वय ५४, यांचे चौल नाक्यावर मोटार दुरुस्तीचे गॅरेज आहे. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून गाडी बिघडली असे कोणी म्हटलेले नाही, माणूस मेल्याचे तर दूरच. तरीही आज अर्जदाराचा वाहन परवाना आपल्या कपाटात आहे, गॅरेजची नोंदवही आपल्या टेबलावर आहे, गिऱ्हाईक नूतनताईंच्या गाडीला आपले सील आहे आणि गावात अर्जदाराचे नाव काय झाले आहे ते विचारू नका. हे सारे एका क्रियापदाने केले.

१. दि. ९ जानेवारी रोजी सायंकाळी साडेसहाच्या सुमारास श्रीमती सोनाबाई, वय ७४, राहणार चौल, यांना रेवदंडा रस्त्यावर एका अज्ञात गाडीने उडवले व गाडी न थांबता निघून गेली. सोनाबाईंचे खुब्याचे हाड मोडले असून त्या अद्याप रुग्णालयात आहेत. दि. १२ रोजी आपले पथक परिसरातील गॅरेजे तपासत अर्जदाराकडे आले. त्यांना ठोकलेली गाडी सापडली नाही. नोंदवही सापडली.

२. दि. ९ जानेवारीच्या पानावर अर्जदाराच्या हस्ताक्षरात पुढील मजकूर आहे : “नूतनताईंची गाडी. ठोकते. चढावर फार ठोकते. जुना काढला, नवा बसवला. वीसवर घट्ट. वॉशर नाही. चालू ठेवून तीनदा ठोकले. तिन्ही वेळा मागे घेतली. मग रेवदंडा रस्त्याला नेली. चढावर मुद्दाम दाबली. आवाज नाही. काम संपले.”

३. आपल्या कार्यालयाचे लिपिक श्री. निकेत यांनी हा मजकूर पंचांसमोर मोठ्याने वाचला. ‘मुद्दाम दाबली, आवाज नाही, काम संपले’ इथे येईपर्यंत पंचांपैकी एकाने कपाळाला हात लावला होता. श्री. निकेत यांनी या तीन वाक्यांखाली लाल शाईने रेघ मारली आणि पानाच्या कडेला ‘कबुली’ असे लिहिले. अर्जदार त्या वेळी दुसऱ्या गाडीखाली होता. तो बाहेर येऊन हात पुसेपर्यंत प्रकरण हाताबाहेर गेले होते.

४. वास्तविक हकीकत अशी. पेट्रोल गाडीच्या इंजिनात पेट्रोल कधीकधी वेळेआधीच पेट घेते. तसे झाले की आतून कोणी बारीक हातोडी मारत असल्यासारखा कटकट आवाज येतो आणि फार दिवस दुर्लक्ष केले तर पिस्टन कामातून जातो. याला गॅरेजमध्ये ‘गाडी ठोकते’ म्हणतात. चौलमध्ये म्हणतात, उरणमध्ये म्हणतात, तळा गावातही म्हणतात. हा आवाज ऐकण्यासाठी इंजिनाच्या अंगावर एका बोल्टने नॉक सेन्सर बसवलेला असतो. तो इंजिनाचा कान. त्याने ऐकले की गाडीतला कॉम्प्युटर ठिणगीचे टायमिंग थोडे मागे घेतो आणि ठोकणे थांबते. नूतनताईंच्या गाडीचा हा कान गेला होता.

५. कान बसवणे म्हणजे नटबोल्ट आवळणे नव्हे, हे कृपया समजून घ्यावे. बसण्याची जागा घासून लख्ख करावी लागते. मध्ये वॉशर चालत नाही, रंग चालत नाही, गंज तर नाहीच. टॉर्क पान्याने बरोबर वीसवर घट्ट करावा लागतो. जास्त आवळला तर बहिरा होतो, सैल राहिला तर नको तेही ऐकतो. मग इंजिन चालू ठेवून सेन्सरजवळ लहान हातोडीने ठोकायचे आणि स्कॅनरवर टायमिंग मागे येते का ते पाहायचे. अर्जदाराने तीनदा ठोकले, तिन्ही वेळा टायमिंग मागे आले. ‘मागे घेतली’ ही नोंद त्या ठिणगीची आहे. गाडी मागे घेऊन म्हातारीवर पुन्हा घातली, हा अर्थ श्री. निकेत यांच्या डोक्यातून आलेला असून त्याबद्दल ते डोके तपासणे आवश्यक आहे. शेवटी चढावर वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर मुद्दाम दाबून पाहतात. आवाज आला नाही, म्हणून काम संपले. त्या वेळी सव्वाचार वाजले होते आणि पाच वाजता गाडी गॅरेजमध्ये उभी होती.

६. वरील खुलासा अर्जदाराने दि. १५ रोजी लेखी दिला. त्यावर आपण ‘खुलासा तांत्रिक स्वरूपाचा असल्याने असमाधानकारक’ असा शेरा मारलात. खुलासा तांत्रिक असू नये तर मग मोटारीच्या कार्यालयात काय भजन म्हणावे?

७. परवाना अर्जदाराला हवाच आहे. गाडी रस्त्यावर नेता येत नसेल तर कोणतेच काम पुरे करता येत नाही. परंतु अर्जदार खोटे बोलणार नाही, त्याला त्याहून जास्त लागले आहे ते वेगळे. सोनाबाई ही परकी बाई नाही. अर्जदाराची आई लवकर गेली. त्यानंतर सात वर्षे अर्जदार दुपारचा सोनाबाईंच्या चुलीपुढे जेवला आहे, त्यांचा मुलगा रावजी याच्या ताटाला ताट लावून. तो रावजी आता रोज सकाळी गॅरेजसमोर येऊन उभा राहतो. दि. १३ रोजी तो एकदाच बोलला : “दिना, माजे आयेला ठोकलास, न् वहीन लिवलास पन?” त्यानंतर तो नुसता पाहतो आणि तासाभराने निघून जातो. अर्जदाराने आपली नोटीस सहन केली. हे त्याला सहन होत नाही.

८. अर्जदार दोनदा रुग्णालयात गेला. दोन्ही वेळा रावजीने दारातून परत पाठवले. अर्जदाराची पत्नी सौ. मैना यांना मात्र आत सोडले. सोनाबाईंनी त्यांना जे सांगितले तेच पोलिसांच्या जबाबातही आहे : “दिनाची गारी नव्हती ती. ती गारी कटकट वाजत आली न् मना उरवून गेली. दिनाचे हातची गारी कवा वाजत न्हाय.” गारी म्हणजे गाडी, हे कार्यालयाच्या सोयीसाठी नमूद केले आहे. एरवी त्यावरूनही नवीन कलम लागायचे. आपण हा जबाब ‘जखमी वृद्धेची मनःस्थिती ठीक नसल्याने’ बाजूला ठेवला. त्यांचे हाड मोडले आहे साहेब, कान शाबूत आहेत. सौ. मैना यांचे म्हणणे निराळेच आहे : “तुमचा अक्षर चांगला, तोच नरला. जरा वाकरा लिवला असता तं कोनाला वाचाला आला नसता.” नरला म्हणजे नडला, हेही कार्यालयाच्या सोयीसाठी.

९. दि. २७ रोजीच्या सुनावणीत आपण फर्मावले की तोंडी गप्पा नकोत, प्रात्यक्षिक करून दाखवा, आणि आपण चहाला गेलात. आवारात पेट्रोलवर चालणारी एकच गाडी होती, ती म्हणजे आपल्या कार्यालयाची पांढरी गाडी. चालक श्री. सदा हे बॉनेट उघडायला तयार नव्हते. “साहेबांना येऊ द्या, घाई कसली,” असे ते चार वेळा म्हणाले. श्री. निकेत यांनी साहेबांचा हुकूम आहे म्हणून चावी काढून घेतली. अर्जदाराने इंजिन चालू केले, सेन्सरजवळ हातोडीने तीनदा ठोकले. स्कॅनरवरचा आकडा जागचा हलला नाही.

१०. याचे श्री. निकेत यांनी केलेले टिपण अर्जदारास दि. २ रोजी नोटिशीसह मिळाले. त्यात लिहिले आहे : ‘अर्जदाराने अधिकाऱ्यांच्या अनुपस्थितीत शासकीय वाहन तीन वेळा ठोकले.’ शासकीय मालमत्तेचे नुकसान केल्याबद्दल सात दिवसांत खुलासा मागवला आहे. म्हणजे एका म्हातारीवर भागले नाही, आता सरकारलाही अर्जदारानेच ठोकले. नोटीस वाचून अर्जदार प्रथम हसला आणि मग त्याला जेवण गेले नाही.

११. मागितलेला खुलासा पुढीलप्रमाणे. अर्जदार खाली जे लिहीत आहे ते शांत डोक्याने, दोनदा वाचून लिहीत आहे.

अ) आपल्या कार्यालयाची गाडी ठोकते. सेन्सरखाली कोणीतरी दोन वॉशर घातले आहेत आणि वरून बोल्ट पिळून ठेवला आहे. तो सेन्सर ठार बहिरा आहे. इंजिन चालू असताना जरा रेस केले की कटकट आवाज चांगला दहा पावलांवर ऐकू येतो. आवारातील पानवाल्यानेही तो ऐकला आणि ही गाडी दिवाळीपासून अशीच वाजते असे सांगितले.

ब) आपल्या कार्यालयाची गाडी ठोकलेली आहे. उजवा दिवा जुना, पिवळा पडलेला आहे. डावा दिवा कोरा आहे, त्यावरचा कारखान्याचा कागदही निघालेला नाही. दिव्यामागचा पत्रा आत गेलेला असून वरून पांढरा रंग फासला आहे. रंग ब्रशने मारला आहे, त्यामुळे कोणत्याही गॅरेजमध्ये हे काम झालेले नाही हे अर्जदार शपथेवर सांगू शकतो.

क) त्या वाकलेल्या पत्र्याच्या खोबणीत वालाच्या शेंगा अडकल्या आहेत. सुकलेल्या, पाच दिसल्या, आत आणखी असाव्यात. दि. ९ रोजी सोनाबाई डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी घेऊन घरी चालल्या होत्या, हे त्यांच्या जबाबात आहे. आपण तो बाजूला ठेवला, म्हणून आठवण दिली.

१२. दि. ९ रोजी सायंकाळी ही गाडी कुठे होती आणि कोण चालवत होते, हे अर्जदारास ठाऊक नाही. श्री. सदा चालवत होते की त्यांच्या शेजारच्या आसनावर बसणारे कोणी हौसेने चालवत होते, याबद्दल अर्जदार तर्क करणार नाही. तर्क करून माणसाला लटकवणे हे आपल्या कार्यालयाचे काम आहे. अर्जदार फक्त पाहिलेले लिहितो. एवढे मात्र त्याला आता कळले की त्याच्या वहीत तीन दिवसांत कबुली सापडली, आणि आवारातल्या गाडीवरचा ब्रशचा रंग तीन आठवड्यांत कोणाला दिसला नाही.

१३. अर्जदाराने शेंगांना हात लावलेला नाही. बॉनेट खाली करून चावी श्री. निकेत यांना दिली. त्यापूर्वी स्कॅनरचे आणि दिव्यामागचे फोटो मोबाइलवर काढले, त्यावर तारीख व वेळ आहे. श्री. निकेत तेव्हा ‘तीन वेळा ठोकले’ हे सुवाच्य अक्षरात लिहिण्यात गुंतले होते.

१४. तरी विनंती, विनंती हा शब्दही नमुन्यातलाच, की अर्जदाराचा परवाना व नोंदवही परत करावी, नूतनताईंच्या गाडीला लावलेले सील काढावे आणि वहीच्या पानावरील ‘कबुली’ हा शब्द ज्याने लिहिला त्यानेच खोडून खाली सही करावी. तसेच कार्यालयाची गाडी धुऊ नये, दुरुस्तीस पाठवू नये, आणि पाठवलीच तर अर्जदाराकडे पाठवू नये.

१५. हा अर्ज आपणास मिळेल त्याच्या दोन तास आधी त्याची प्रत फोटोंसह पोलीस ठाण्यातील तपास अधिकाऱ्यांना पोचलेली असेल. पोच घेतली आहे. रावजीला अर्जदाराने अद्याप काहीही सांगितलेले नाही. नऊ दिवस अर्जदाराने तोंड आवरले, कारण रावजीचा स्वभाव त्याला लहानपणापासून माहीत आहे आणि साहेब, आपल्या कार्यालयाचे काय होईल याचीही अर्जदाराला थोडी काळजी वाटली. आता वाटत नाही. उद्या सकाळी सात वाजता रावजी नेहमीप्रमाणे गॅरेजसमोर येईल. अर्जदार त्याला आत बोलावून चहा देणार आहे आणि मोबाइल त्याच्या हातात देणार आहे.

आपला,
आजवर नम्र असलेला,

(सही)
दिनानाथ रामचंद्र घरत
चौल नाका

सोबत :
१. दोन्ही नोटिशींच्या प्रती.
२. फोटो, अकरा. शेंगांचे चार.
३. बोल्टखालून न काढलेले दोन वॉशर : सोबत नाहीत, गाडीतच आहेत, कृपया मोजून घ्यावेत.
४. पोलीस ठाण्याची पोच, आज सकाळी ९.४०.