पाचवीचा संच

मंगळवार, संध्याकाळ

अजून राग गेलेला नाही. प्राची आपल्या बोलीत बोलली की वर्ग हसायचा, म्हणून तिला शाळेतून काढलं. सातवी घरीच करायची ठरवली. आज अभ्यासक्रम विकणारा माणूस नमुन्याची हिंदी पुस्तकं घेऊन कुडव्याला घरी आला, आणि तोही हसला!

त्यानं विचारलं, "पानी सूखकर कहाँ जाता है?"

प्राची म्हणाली, "वाफ होऊन वर जाऊन राहिलं ना."

त्यानं हसत कागदावर फुली मारली. "भाषा कच्ची है. पाँचवी का सेट लीजिए."

बरोबर उत्तरावर फुली! आणि आमचे हे मान डोलावत होते. मी सरळ म्हटलं, "पुस्तकं बॅगेत भरा आणि निघा."

तो गेल्यावर हे म्हणाले, "कायले एवढी चिडून राहिली? शिकलेला माणूस आहे तो."

"उत्तर चुकलं होतं का?"

यांनी रिकामे कप उचलले. पण ती फुली पडताना मी तरी त्याला कुठे अडवलं? ते जास्त झोंबतंय.

प्राचीनं विचारलं, "आई, मी पाचवीची आहो का?"

"नाही. सातवीची आहेस."

म्हणून सातवीचीच पुस्तकं आणणार, तीही मराठीतली. विज्ञान मी घेईन. यांना सांगितलं, गणित तुम्ही घ्यायचं.

"मले जमंल का?"

प्राची म्हणाली, "नाही जमलं तर मी समजावून देईन, बाबा."

यांनी मान खाली घातली. घालू देत.